अर्थिंग

वीज नेमकी कुठे पडली ते कुणालाच सांगता येईना.
मशिदीमागच्या खांबावर, म्हणाला शाहजहान.
टेकबहादूर म्हणाला खजुरीवर, ती अजून धुमसतेय.
आम्हाला कळलं ते एवढंच:
खोली एकदा आतून पांढरी झाली, दातांसकट,
आणि मग फ्रिजची घरघरसुद्धा नाही.

सोहारमध्ये पाऊस वर्षातून तीनचारदा येतो,
पत्ता चुकून आल्यासारखा.
त्याच्यासाठी कुणी काही करून ठेवत नाही,
ना गटार, ना छपराला उतार.

पहाटे लाइट आली. मग मोजदाद.
फ्रिज मुका, पोटात जोमोनची आठवड्याची मासळी.
राउटरच्या एकाही डोळ्यात दिवा नाही.
राइस कुकर, जो कुणाचाच नव्हता, तो गेला.
इस्माईलभाई परकारांचा टीव्ही, कोपऱ्यात हिरव्या डागाचा,
त्याच्या पाठीला मी नाक लावलं.
कपॅसिटर जळल्याचा वास मला झोपेतही कळतो,
शिळ्या कोलंबीला डांबर लागावं तसा.

मी वायरमन. अकरा वर्षं झाली.
इथल्या किती व्हिलांच्या कडेला
तांब्याची सळी ठोकली, मीठ-कोळसा घातला,
बादलीभर पाणी ओतून मीटर लावून बघितला.
आणि आमच्या खोलीत?
बोर्ड पांढरा, स्वच्छ, तीन भोकांचा.
पहिल्याच महिन्यात उघडून पाहिला होता.
वरच्या भोकामागे हिरवी तार
वीतभर येते आणि भिंतीत संपते.
अरबाबला म्हटलं, अर्थ नाही.
तो म्हणाला, इन्शाल्ला.
मग मीही विसरलो. भाडं कमी होतं.
ह्या खोलीला अर्थ नाही, इस्माईलभाई म्हणायचे,
आणि आम्ही दोघंच हसायचो,
बाकीच्यांना मराठी येत नाही.

संध्याकाळी सगळे आपापल्या खाटेवर.
कुणी काही बोललं नाही,
पण नजरा एकेक करून माझ्या खाटेखाली गेल्या.

तिथे खोका. त्रेचाळीस इंची.
निळ्या नायलॉन दोरीनं आडवा-उभा बांधलेला,
वर मार्करने माझं नाव, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी,
विमानतळावर हरवू नये म्हणून.
तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतला.
घर होईल तेव्हा नेईन.
घर जोत्यापर्यंत आलं, मग चिरा महागला,
खिडक्यांएवढं झालं, मग नलूचं ऑपरेशन.
पण गवंड्याने भिंतीत पॉइंट सोडलाय,
जमिनीपासून साडेतीन फूट, मी फोनवर सांगितलं तसा.
नलू त्यात सध्या काड्यापेटी ठेवते.

जे कधी जोडलंच नाही
त्याचं वीज काय बिघडवणार.

आधी बाहेर गेलो. गाडीत एक सळी उरली होती.
गाफाच्या झाडाखाली ठोकली. माती ओली होती,
अकरा वर्षांत इतकी सहज कधी गेली नव्हती.
खिडकीतून तार आत घेतली.
मग दोरी. कापली नाही, सोडली.
गाठी माझ्याच होत्या, वेळ लागला.
थर्माकोल किंचाळला. वरच वॉरंटी कार्ड,
दोन वर्षांचं, गेल्या मे महिन्यात संपलेलं,
अंधारात, एकही दिवस न वापरता.

पडदा निळा झाला.
भाषांची यादी आली, त्यात आपली दिसली नाही.
इंग्रजी घेतली. मग त्यानं विचारलं,
हा टीव्ही कुठे वापरणार?
घरी, की दुकानात?

रिमोट माझ्या हातात. मागे चौघं,
जोमोनच्या हाताला अजून मासळीचा वास.
मी बघत राहिलो. दोनच पर्याय होते.
दबाव ना भाई, शाहजहान म्हणाला.
अरे काय नाय, इस्माईलभाई म्हणाले,
त्यानं फक्त उजेडात फरक पडतो.